पांजऱ्याची हाक

दांड्याला तेल लावायचं काम पांजऱ्याचं, म्हणजे डोलकाठीवर बसून दर्या न्याहाळणाऱ्याचं. यंदा ते हौसाने केलं आणि तिला कुणी अडवलं नाही.

दांडा म्हणजे सुकाणाचा दांडा. हौसाच्या नवऱ्याच्या, केसरीनाथच्या पणज्याचा पणजा, चिंधू नाखवा, आरमारातल्या ज्या गलबतावर उमर काढून गेला, त्या गलबताचा एवढाच अवयव घरात उरला होता. सागाचं लाकूड, पुरुषभर लांब, धरून धरून एका जागी बारीक झालेलं. जुनं घर पाडून राहनाळात तीन मजली बंगला उभा राहिला, हॉलमध्ये संगमरवर आला, एसी आला. पण त्या एसीखाली दोन पितळी आकड्यांवर आधी दांडा बसला आणि मग माणसं राहायला आली. नवी नवरी होती तेव्हा हौसाला वाटायचं, या घरात सुनेपेक्षा लाकडाचे लाड जास्त. ते खरंच होतं. पुढे तिलाही त्यात काही वावगं वाटेनासं झालं.

बाहेर गोदामांच्या रांगेत ट्रकांची आंघोळ चालली होती. दसऱ्याला सगळी राहनाळ चाकांची पूजा करते. पाइपचं पाणी रस्त्यावर, बॉनेटवर हळदकुंकू, आरशांना झेंडू. नाखव्यांच्या घरात मात्र आधी हजेरी, म्हणजे दांड्याभोवती बसवून घरातल्या पुरुषांना गलबतावरच्या हुद्द्यांनी हाका मारायच्या, आणि मग ट्रक. दशमीची भांगाची भरती, पाणी काही फार चढत नाही, पण जेवढं चढतं तेवढं चढून ओहोटी लागायच्या आत हजेरी पुरी व्हायला हवी. केसरीनाथ पहाटेपासून गच्चीवर होता. तिथून दोन गोदामांच्या पत्र्यांमधून खाडीची एक पट्टी दिसते. शिमग्यापासून तो रोजच तिथे असायचा, भरती असो की ओहोटी.

"वयनी, द्या इकडं, मी करते," मैना म्हणाली. मैना म्हणजे हौसाची धाकटी जाऊ, सुभाषची बायको.

"झालंय," हौसा म्हणाली आणि पुन्हा तेलात बोटं बुडवली.

"आज त्याचं करून टाकायला पायजे, वयनी. असं लोंबकळत ठेवू नये जिवाला. आमचे हे पन तेच बोलतात."

मैना वाईट नव्हती. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. पण तिचा दिनेश शेजारच्या खोलीत घोरत होता, आणि ज्या बाईचा पोरगा शेजारच्या खोलीत घोरतो तिने हे बोलणं हौसाला सोसवत नव्हतं.

भाविक म्हणजे हौसाचा पोरगा, घरातला पांजरी; त्याचं करायचं म्हणजे काय करायचं, हे या घरात सांगावं लागत नाही. जहाजावर माणूस गेला की प्रेत मिळेलच असं नाही, म्हणून चिंधू नाखव्याच्या काळापासून रीत आहे. हजेरीत त्याला तीन हाका मारायच्या. तिन्ही हाकांना उत्तर आलं नाही, तर तो 'उतरला'. मग घरातला दुसरा कुणी दांड्याला हात लावून त्याच्या जागेवरून 'हाजीर' म्हणतो, आणि मग उतरलेल्याचं दहावं-तेरावं करायला गाव मोकळं. शिमग्याच्या तोंडावर कंपनीचा माणूस येऊन सोफ्याच्या कडेला बसला होता. मालवाहू जहाज, खवळलेला समुद्र, पोरगा डोलकाठीवरचा दिवा दुरुस्त करायला चढला होता, पडला, शोधलं, सापडला नाही. एवढं सांगून त्याने चहा अर्धा टाकला. तेव्हापासून भाविक ना घरात होता ना वर. आज ते ठरणार होतं.

हौसाला ते ठरू द्यायचं नव्हतं. त्यासाठी तिने लेकीला, उन्नतीला, कालच तयार केलं होतं.

गेल्या दसऱ्याला भाविक जहाजावर होता, म्हणून त्याने फोनवरून हजेरी दिली होती आणि उन्नतीने गंमत म्हणून ती आपल्या मोबाइलवर धरून ठेवली होती. हौसाची बेरीज साधी होती. हाक मारली आणि उत्तर आलं, तर जागा भरलेली. आवाज त्याचा, शब्द त्याचे. रीतीत कुठे म्हटलंय की माणूस समोरच बसलेला हवा?

"आई, कुठे थांबवायचं ते परत सांग," उन्नती आत येऊन हळूच म्हणाली. ती ठाण्याला नोकरी करायची आणि बोलायची पण तशीच.

"'नाखव्याला' बोलला का लगेच दाब. पुढचं नको."

"पुढचं बाबांनी कधीच ऐकलं नाहीये परत."

"म्हनूनच नको. ते मानूस आधीच अर्धं झालंय."

पुढचं दोघींना पाठ होतं. पुढे भाविक म्हणत होता की बाबा, मला बोलायचंय, आणि केसरीनाथ म्हणत होता की तांडेलाला सांग. तेव्हा हौसा चुलीपाशी पापलेट तळत होती. तिने ते ऐकलं होतं आणि कढईतला तुकडा उलटला होता, कारण त्यात उलटून बघावं असं तिला काही वाटलंच नाही. या घरात सगळेच असं बोलायचे. खलाशी नाखव्याशी सरळ बोलत नाही. खलाशाने तांडेलाला, म्हणजे खलाशांच्या मुकादमाला सांगायचं, तांडेलाने नाखव्याला; घरात नाखवा केसरीनाथ, तांडेल सुभाष. नाखव्याचा हुकूमही त्याच वाटेने खाली यायचा. गलबतावर पन्नास-साठ माणसं, गोडं पाणी नारळाच्या करवंटीने मोजून, झोप पाळीपाळीने उघड्या फळ्यांवर. जो तो उठून नाखव्याकडे गाऱ्हाणी नेऊ लागला तर सुकाण कोण बघणार? असं केसरीनाथ सांगायचा. म्हणून उन्नतीने नोकरी धरायची ठरवली तेव्हा आधी काकाला सांगितलं, दिनेशने लग्न जमवलं तेव्हा आपल्याच बापाकडून वर अर्ज गेला. लोक हसायचे. पण त्याच रीतीत दुसरी बाजूही होती: जेवायला धाकट्याचं पान पहिलं आणि नाखव्याचं शेवटचं, कारण भात संपला तर उपाशी राहायची पाळी नाखव्याची. केसरीनाथ कधीही आधी जेवला नव्हता. हौसाला त्याचा हा ताठा आवडायचा, हे ती कुणापाशी बोलली नसती.

ती दांडा पुसत हॉलमध्ये आली तेव्हा सुभाष चटई अंथरत होता. चार जागा घातल्या, पाचवी घालताना त्याचा हात थांबला.

"वयनी, दिनेशचा पोरगा हाय. त्याला पांजरी करू. ल्हान हाय, पन हात लावील दांड्याला."

"न्हाय," हौसा म्हणाली.

"किती दिस असं?"

"माजा पोऱ्या उत्तर देईल आज. तुमी चटई टाका, भावजी."

सुभाषला काय कळलं कोण जाणे, पण तो घाबरला. थोराड माणूस, दोन गोदामांचा मालक, आणि चटईची घडी छातीशी धरून उभा राहिला. "त्याला कशाला बोलावता? तो न्हाय येनार. मना ठाव हाय तो कसा जेला. कंपनी सांगते दिवा दुरुस्त करत व्हता. एकदा न्हाय, रोज चढवायचे त्याला. बांधायचे पन न्हाय."

उन्नती दारातच होती.

"काका, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

सुभाषने चटई खाली ठेवली. मग तोही खाली बसला. "त्यानंच. गेल्या दसऱ्याला, हजेरीनंतर. मना फोन केला. बोलला, काका, वरचा साहेब मना वाऱ्यात डोलावर चढवतो, बाकीचे हसतात. पुढल्या बंदराला उतरू का, बाबांना इचारा."

"आणि तुम्ही विचारलंत?"

"कसं इचारनार?"

कसं विचारणार, हे हौसाला माहीत होतं. त्या वर्षी दोघे भाऊ बोलतच नव्हते. खाडीच्या कडेला चिंधू नाखव्याची गलबत ओढायची जागा होती, ती सुभाषने आपल्या वाट्यात घेऊन गोदामाला दिली, आणि केसरीनाथने त्याचं तोंड बघायचं सोडलं. सबंध वर्षभर एका छपराखाली राहून दोघांत शब्द नव्हता. दसऱ्याच्या हजेरीला तेवढं रीतीचं बोलायचे आणि परत पाठ. आणि त्याच दिवशी केसरीनाथने पोराला सांगितलं, तांडेलाला सांग. घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की तांडेलाकडून वरची वाट बंद आहे. कुणाच्याही मनात आलं नाही.

"दादूसला सांगू नका," सुभाष म्हणाला. तो हौसाकडे बघत होता, उन्नतीकडे नाही. "वयनी, तो मरंल. मना काय पन करा, पन त्याला सांगू नका."

हौसाला त्याला मारावंसं वाटलं. हातात दांडा होताच. पण जिन्यावर केसरीनाथची चप्पल वाजली, एक पायरी, मग थांबून दुसरी, आणि ती चप्पल ऐकताना तिचा राग गळून गेला. वरून एक म्हातारा उतरत होता. ती दिराच्या बाजूने झाली, स्वतःलाही न विचारता.

"उन्नती, गप राहायचं," ती म्हणाली.

"आई."

"गप राहायचं बोलले मी."

उन्नती तिच्याकडे बघत राहिली. तसं तिने आईकडे आजवर बघितलं नव्हतं, एखाद्या परक्या बाईकडे बघावं तसं. मग ती जाऊन खिडकीपाशी बसली.

सगळे रीतीने बसले. मधोमध दांडा, एका टोकाला केसरीनाथ, उजवा हात लाकडावर. त्याच्या डावीकडे सुभाष. मग तुळशीराम, केसरीनाथचा चुलत भाऊ, घराण्याचा सुकाणी, ज्याला ट्रकचा हॉर्नसुद्धा धड ऐकू येत नाही. मग दिनेश, आंघोळ करून भांग पाडून. मग ती पाचवी जागा. कोरी चटई, त्यावर झेंडूचं एक फूल. ते मैनाने ठेवलं होतं. बायकांना हजेरीत जागा नाही, त्या भिंतीशी.

केसरीनाथने डोळे मिटले. हाका मारायला त्याला कागद लागत नव्हता. त्याच्या बापाला लागला नव्हता.

"तांडेल?"

"हाजीर. खालचं वर, वरचं खाली." सुभाषचा आवाज पहिल्याच शब्दाला बसला होता.

"सुकाणी?"

तुळशीरामला दिनेशने ढोसलं. "हाजीर. दांडा हातात," तो इतक्या मोठ्याने म्हणाला की बाहेरच्या ड्रायव्हरांनी मागे वळून पाहिलं.

"गोलंदाज?"

"हाजीर. दारू कोरडी," दिनेश म्हणाला. दरवर्षी इथे कुणीतरी हसतं, कारण दिनेशची दारू कोरडी राहिल्याचं गावाने पाहिलेलं नाही. आज कुणी हसलं नाही. तो स्वतःच खाली बघू लागला.

केसरीनाथ थांबला. मग त्याने डोळे न उघडता हाक मारली.

"पांजरी?"

पंखा फिरत होता. हौसाने खिडकीकडे पाहिलं. उन्नती हलली नाही.

"पांजरी?"

दुसरी हाक. पोरगी करत नाही. पोरगी माझ्यावर रागावून भावाला मारते आहे. हौसा उठणार एवढ्यात उन्नतीचा अंगठा काचेवर पडला आणि खोलीत वारा आला. फोनमधला, गेल्या वर्षीच्या समुद्रावरचा, घोंगावणारा, त्यामागे इंजिनाची घरघर.

"हाजीर. डोळा दर्यावर, हाक थेट नाखव्याला."

तो असा म्हणाला की वाटावं, शेजारच्या खोलीतून ओरडतोय. मैनाने पदर तोंडात धरला. केसरीनाथचे डोळे उघडले. क्षणभर, हौसाने ते स्वतः पाहिलं, त्याच्या तोंडावर उजेड आला, पोरगा आला आहे असा. तेवढ्यासाठीच तिने हे सगळं केलं होतं. तिने उन्नतीच्या अंगठ्याकडे पाहिलं. दाब आता. दाब.

उन्नतीने मोबाइल मांडीवर ठेवला आणि दोन्ही हात मागे घेतले.

"बाबा, ठेवू नका," भाविक म्हणाला. "मना जरा बोलायचं हाय तुमच्याशी."

"हजेरी चालू हाय," केसरीनाथचा आवाज म्हणाला. वर्षापूर्वीचा, भरदार, बरा. "जे काय हाय ते रीतीनं बोल. मागनं तांडेलाला सांग."

"पन बाबा, हे..."

"तांडेलाला सांग."

मग कट. मग तुळशीरामचं गेल्या वर्षीचं खोकणं, कुणाचं तरी हसणं, कढईचा चर्रर्र आवाज. तो आवाज हौसाच्या हातचा होता. मग ते आपलं आपण थांबलं.

केसरीनाथ मोबाइलकडे बघत होता. बोलला तेव्हा कुणाशी बोलला ते कळेना. "पांजऱ्याला तांडेल नसतो," तो म्हणाला. "डोलावर बसलेल्याला रीत नाय. वादळ दिसलं, गनीम दिसला, तर वरनं सरळ नाखव्याला हाक मारायची. त्याला तेवढ्यासाठीच वर ठेवतात. म्याच शिकवलं त्याला. एवढासा व्हता, या दांड्यावर बसवून शिकवलं."

"बाबा," उन्नती म्हणाली. तिला आता रडू फुटलं होतं. जे केलं ते तिला पेलत नव्हतं.

"सुभाष," केसरीनाथ म्हणाला. तांडेल म्हणाला नाही. "तुला सांगलं त्यानं?"

सुभाषने हौसाकडे पाहिलं. हौसा जमिनीकडे बघत होती. आता कुणाला वाचवायचं राहिलं नव्हतं.

"सांगलं."

"काय?"

सुभाषने सांगितलं. वाऱ्यात चढवतात, बांधत नाहीत, उतरू का. तो बोलत असताना केसरीनाथचा उजवा हात दांड्यावरच होता, त्या बारीक झालेल्या जागी, आणि त्याची नखं पांढरी पडत गेली.

"मना का न्हाय सांगलंस?"

"आपून बोलत नव्हतो, दादूस."

केसरीनाथने मान हलवली. हो, बोलत नव्हतो. जणू पावसाळा होता तसं काही. मग त्याने आणखी एक विचारलं, ते हौसाला सुचलंच नव्हतं.

"आनि खाली काय सांगलंस त्याला? तो वाट बघत असंल ना."

मैनाने भिंतीशी बसल्या बसल्या नवऱ्याला म्हटलं, "बोला की." तिला माहीत नव्हतं, तिच्या तोंडावरून दिसत होतं. तिला खरोखरच काही माहीत नव्हतं.

"दोनदा फोन आयला त्याचा. बाबा काय बोलले, इचारायचा. म्या काय सांगनार? आमी बोलत न्हाय असं पोराला कसं सांगू? म्या बोललो..." सुभाषने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "म्या बोललो, नाखवा बोलला, टिकून ऱ्हा. नाखव्याचा हुकूम हाय."

हौसाला आठवलं. थंडीत एकदा फोनवर भाविक तिला म्हणाला होता, आये, बाबांना सांग, मी टिकून हाय. तिने ते सांगितलंही होतं. केसरीनाथ जेवत होता. 'शाबास' म्हणाला होता.

तोही आत्ता तेच आठवत होता. तिला ते इतकं स्पष्ट दिसलं की तिने मान फिरवली.

बाहेर कुणीतरी ट्रकसमोर नारळ फोडला. तुळशीरामला काहीच ऐकू आलं नव्हतं. तो एकेकाच्या तोंडाकडे बघत होता आणि हजेरी का थांबली ते त्याला कळत नव्हतं. "तिसरी हाक मार रं," तो म्हणाला. "पानी उतराय लागंल."

केसरीनाथने दांड्यावरचा हात उचलला. हजेरी चालू असताना नाखवा हात उचलत नाही. हाक मारणारा हात ठेवून असतो, म्हणून नाखव्याला कुणी हाक मारत नाही, तो आहेच. त्याने तो हात मांडीवर ठेवला, परक्याचा असावा तसा, आणि हाक मारली.

"नाखवा?"

कुणाला समजलं नाही. दिनेशने बापाकडे पाहिलं.

"नाखवा?" केसरीनाथ पुन्हा म्हणाला, त्याच सुरात, जसा भाविकला म्हणाला होता.

मग हौसाला समजलं आणि ती भिंतीपासून सुटून पुढे झाली. "नको," ती म्हणाली. "अवो, नको. उत्तर द्या. हाजीर बोला." तिने त्याचा हात धरून दांड्याकडे ओढला. आयुष्यात पहिल्यांदा तिने हजेरीच्या चटईवर पाय ठेवला होता. हात ओढला तसा आला आणि सोडला तसा परत गेला.

"नाखवा?"

तिसरी हाक. त्याने तोंड मिटलं. सगळ्यांनी वाट पाहिली, तुळशीरामनेसुद्धा, आणि उत्तर आलं नाही.

केसरीनाथ गुडघ्यावर हात टेकून उठला. चटईवरून खाली उतरला आणि दारापाशी जी प्लास्टिकची खुर्ची असते, जिच्यावर भाडेकरू आणि कंपनीची माणसं बसतात, तिच्यावर जाऊन बसला. सुभाष त्याच्या पायाशी गेला, काहीबाही बोलत राहिला. केसरीनाथने त्याला शिवी दिली नाही की हाकललं नाही. भाऊ आता त्याच्याशी बोलत होता, आणि तो ऐकत होता, आणि त्याचा कशालाच काही उपयोग नव्हता.

पांजऱ्याची तिसरी हाक राहूनच गेली. ती मारायला कुणी नव्हतं. भाविक उतरला नाही, त्याची जागा कुणी भरली नाही. हौसाला हवं होतं ते सगळं झालं. उन्नती तिच्या खांद्यात तोंड घालून पुन्हा पुन्हा म्हणत होती, मला हे नको होतं, आई, मला फक्त त्यांनी ऐकायला हवं होतं. हौसाने तिच्या पाठीवर हात फिरवला. रागवायलासुद्धा आत काही शिल्लक नव्हतं.

मग ती उठून स्वयंपाकघरात गेली, कारण पानं मांडलेली होती. रीतीप्रमाणे पहिलं पान पांजऱ्याचं. तिने त्यावर भात वाढला, वर वरण, बाजूला कोलंबी, त्याला आवडायची तशी सुकी. मग दिनेशचं, मग तुळशीरामचं, मग सुभाषचं. शेवटच्या, नाखव्याच्या पानाशी ती टोप घेऊन उभी राहिली. भात भरपूर उरला होता.